दोऱ्याचा रंग आधी खणात बघा

रेडिओवरून रंगांविषयी बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. मी इथं बसून 'राणी रंग' म्हणणार आणि तुम्ही तिकडं चुलीपुढं, शिलाई मशीनवर नाहीतर भांगलताना तो मनात आणणार. पण माझी खात्री आहे, राणी म्हटलं की तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एकच रंग उभा राहतो. डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, अबोली, शेवाळी, विटकरी, श्रीखंडी. ही नावं आपल्याला कुणी शाळेत शिकवली नाहीत. ती साड्यांच्या घड्या घालता घालता तोंडी बसली. म्हणून 'मला बाई रंगातलं काही कळत नाही' असं कुणी म्हटलं, की मला ते खरं वाटत नाही. आज बोलायला बसले ते त्या एका वाक्यापायीच, कारण त्यापायी आमच्या गटाचा ४,५६० रुपयांचा माल परत आला होता. आणि ते वाक्य म्हणणारी मीच होते.

झालं असं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी शहरातल्या एका दुकानाकडून आमच्या गटाला खणाच्या ६० पाऊचची मागणी आली. चेन लावलेले, मोबाईल आणि चार पैसे मावतील एवढे पाऊच, वर हातानं भरलेली एक कोयरी. नगाला १२० रुपये. आम्ही अकराजणी. गटाच्या बचतीतून ५,००० रुपये उचलले. पोपटी अंगाचा, राणी काठाचा खण आणला आणि दोरा आणायला मी तालुक्याला गेले. दुकानात काचेमागं शेकडो लडी. बघूनच गांगरायला होतं. दुकानदारानं विचारलं, "कुठले रंग देऊ ताई?" मी म्हणाले, "मला रंगातलं काही कळत नाही, तुम्हीच चांगले बघून द्या." त्यांनी इंद्रधनुष्याचे सात रंग काढून दिले. सगळे चकचकीत. मलाही पटलं. इंद्रधनुष्य कुणाला आवडत नाही?

कोयरीत आम्ही सात रंगांच्या सात ओळी भरल्या. साखळी टाका, सगळ्या ओळी सारख्या जाडीच्या. काम इतकं नेटकं झालं होतं की मी फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर पाठवले. दुकानानं २२ पाऊच ठेवले आणि ३८ परत केले. कारण विचारायला आम्ही तिघीजणी गेलो, तर तिथल्या ताईंनी एक पाऊच टेबलावर ठेवला, आम्हाला दारापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "इथून सांगा, काय काढलंय?" आम्हाला माहीत होतं म्हणून आम्ही कोयरी म्हणालो. नाहीतर पोपटी कापडावर काहीतरी सांडलंय असंच वाटलं असतं. खरं सांगते, राग यायला जागाच नव्हती.

परत आलेले ३८ पाऊच आम्ही समाजमंदिरात सतरंजीवर मांडले आणि गप्प बसून बघत राहिलो. आमच्या गटात एक आक्का आहेत, साठीच्या पुढच्या. जन्मभर वाकळा शिवल्या. भरतकामात त्या नवख्या, पण उठल्या, उंबऱ्याजवळ जाऊन डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "सगळीच वरडाय लागल्यावर कुणाचं ऐकायचं गं?"

मग आम्ही एकेक ओळ तपासली. हिरवी ओळ पोपटी कापडात बुडून गेली होती. पिवळी तिच्याशेजारी, तीही अर्धी बुडाली. आतल्या बाजूला पारवा आणि जांभळा, दोन्ही गडद, ते एकमेकांत मिसळून नुसता काळसर पट्टा दिसत होता. आणि तांबडी ओळ तेवढी पोपटीवर डोळ्यांत खुपत होती. टाका चुकला नव्हता, दोराही चांगल्यातला होता. निवड चुकली होती.

उठता उठता आक्का म्हणाल्या, "पर आभाळातलं धनुष्य काय असं खुपत न्हाई." ह्या प्रश्नानं मला बरेच दिवस सोडलं नाही.

आता आपला हा पट्टा दुष्काळी. पाऊस येतो तो बहुतेक परतीचा, भाद्रपद-आश्विनात, दुपार कलल्यावर. तेव्हा सूर्य पश्चिमेला उतरलेला असतो आणि पूर्वेला काळं आभाळ पाऊस पाडत असतं. सूर्याकडं पाठ करून उभं राहिलं की समोर धनुष्य. पोरं ओरडतात, कोल्ह्याचं लग्न लागलं. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना कितीही ऊन-पाऊस होऊ दे, आपल्या माळावरून इंद्रधनुष्य दिसत नाही. सूर्य ४२ अंशांच्या खाली यावा लागतो. तर त्या सीझनला मी ठरवून बघितलं. शाळेत 'तानापिहिनिपाजा' पाठ केलेलंच होतं: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. पण पाठ करणं वेगळं आणि बघणं वेगळं.

पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो मागचा ढग. इंद्रधनुष्य कधीच पोपटी खणावर उमटत नाही हो, ते काळ्या-करड्या आभाळावर उमटतं. मागचा ढग विरला आणि आभाळ पांढरं झालं, की रंग तेच असतात पण फिके पडतात. आम्ही ढग न घेता नुसतं धनुष्य उचललं होतं.

मग लक्षात आलं, की सातही रंग सारख्या जोरानं बोलत नाहीत. पिवळ्याची पट्टी अरुंद असते, पण सगळ्यांत उजळ तीच. तांबडा बाहेरच्या कडेला, म्हणजे धनुष्याला काठ लावल्यासारखा. आतल्या बाजूचा जांभळा इतका पुसट की असेल म्हणून मानायचा. आणि पट्ट्यांच्या मध्ये कुठंही रेघ नाही. तांबड्यातून नारिंगी, नारिंगीतून पिवळा असा एक रंग दुसऱ्यात उतरत जातो. सात हा आकडासुद्धा माणसानं ठरवलेला. इंग्लंडमधल्या न्यूटन नावाच्या शास्त्रज्ञानं आधी पाचच रंग मोजले होते, पुढं संगीताच्या सात सुरांशी जुळावेत म्हणून सात केले. तेव्हा सात रंग घेतले नाहीत तर काही पाप लागत नाही.

कधी कधी मोठ्या धनुष्याच्या वर दुसरं, फिकं धनुष्य दिसतं. त्यात रंगांचा क्रम उलटा असतो, तांबडा आत आणि जांभळा बाहेर. पण शेजारी तेच राहतात. तांबड्याशेजारी नारिंगीच. हिरव्याच्या एका बाजूला पिवळा आणि दुसऱ्या बाजूला निळाच. शेजार सुटत नाही. भरतकामासाठी मला इंद्रधनुष्यातून हीच गोष्ट सगळ्यांत कामाची वाटली. तानापिहिनिपाजामधले सलग तीन रंग घ्या, कुठलेही घ्या, ते एकमेकांशी भांडत नाहीत.

एक गंमत अजून सांगते. इंद्रधनुष्यात राणी रंग नाहीच. गुलबक्षी नाही, आमसुली नाही, सुपारी नाही, मोतियाही नाही. पहिल्या टोकाचा तांबडा आणि शेवटच्या टोकाचा जांभळा एकत्र आले तर राणीसारखा रंग होतो, पण आभाळात ही दोन टोकं भेटत नाहीत. आणि आपल्या लुगड्यांच्या काठांत बघावं तर राणी जिथं तिथं. म्हणजे नुसत्या आभाळाकडं बघून आपलं भागायचं नाही, खणाकडं बघावं लागणार.

तर आता ऐकता ऐकता हातातलं काम जरा बाजूला ठेवा. घरात खणाची एखादी चिंधी असेल, जुन्या चोळीची असली तरी चालेल, ती घेऊन दारात उजेडाला या. चिंधीच्या कडेचे चार उभे आणि चार आडवे धागे सुईनं ओढून काढा आणि वेगवेगळे तळहातावर ठेवा. बहुतेक खणांत उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. म्हणूनच खण हलवला की रंग बदलल्यासारखा वाटतो, येवल्याच्या धूपछाव पैठणीसारखा. आपल्या बाजारात येणारा हा खण बराचसा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरचा. तिथल्या विणकरानं तुमच्यासाठी दोन रंग आधीच निवडून ठेवलेत. काठाचा तिसरा आणि काठातल्या बारीक रेघेचा चौथा. आम्ही त्या पोपटी खणाचे धागे काढले तेव्हा ताणा हिरवा आणि बाणा पिवळा निघाला. काठात राणी, आणि राणीत मोतिया रंगाची सुतासारखी रेघ. मी तालुक्याच्या दुकानात जे विचारत होते त्याचं उत्तर माझ्या पिशवीतल्या खणात होतं.

आता रंग कळले, पण किती घ्यायचा ते कसं ठरवायचं? त्यासाठी इरकली लुगडं पसरून बघा. अंग बहुतेक एकाच रंगाचं, नाहीतर बारीक चौकडीचं. काठ तीन-चार बोटांचा. पदर तांबडा आणि त्यावर पांढरी नक्षी. अंगाचा रंग भरपूर, काठाचा बेताचा, आणि ती पांढरी नक्षी अगदी मोजकी. तीच पांढरी नक्षी अंगभर असती तर पदराकडं कुणी बघितलं असतं का? आमच्या गटात आम्ही ह्याला ताट म्हणतो. भाकरी, भाजी आणि ठेचा. भाकरीचा रंग सगळ्यांत जास्त, भाजीचा त्याच्या निम्मा-शिम्मा, आणि ठेच्याचा रंग बोटाच्या टोकावर येईल एवढाच. आता कुणीही नमुना आणला की आम्ही विचारतो, "यातला ठेचा कुठला?" जिला सांगता येत नाही तिनं ताटभर ठेचा वाढलेला असतो. आमच्या कोयरीत सात ठेचे होते.

धारवाडकडची कशिदा कधी बघितली असेल तर आठवा. तिला तिकडं कसूती म्हणतात. कापडाचे धागे मोजून भरायची आणि मागं गाठ ठेवायची नाही. काळ्या चंद्रकळेवर ती काय उठून दिसते! रंग चार-पाचच असतात, पण मागं ढग आहे ना.

इथं एक अडचण येते, ती मी टाळून पुढं जाणार नाही. दुकानात छान वाटलेला दोरा कापडावर गेला की बदलतो. तुम्ही म्हणता, दुकानदारानं फसवलं. तसं नेहमी नसतं. पॅरिसमध्ये गोबेलिन नावाचा, भिंतीवर लावायची चित्रं विणायचा जुना नामांकित कारखाना आहे. तिथं शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. त्यांच्याकडं तक्रार आली, की इथला काळा दोरा नीट काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर काळ्यात काहीच खोट नव्हती. तो निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला, की त्यांच्यामुळं फिका वाटत होता. त्यावर त्यांनी इतके प्रयोग केले की १८३९ साली त्याचं मोठं पुस्तक झालं. आपल्याला पुस्तकाची गरज नाही. एकच राखाडी दोरा घ्या, तांबड्या चिंधीवर ठेवा, मग हिरव्या चिंधीवर ठेवा. तांबड्यावर तो हिरवट वाटेल आणि हिरव्यावर लालसर. दोरा तोच. म्हणून लडीच्या गठ्ठ्यात बघून रंग घ्यायचा नाही, कापडावर ठेवून घ्यायचा. दुकानात जाताना खणाचा तुकडा बरोबर न्यायला लाजू नका. ब्लाऊजपीस जुळवायला साडी नेतोच की आपण.

आणि कापड घेऊन दुकानाच्या बाहेर या. आत ट्यूबचा उजेड पडलेला असतो, त्यात मोरपंखी निळा वाटतो आणि आमसुली तपकिरी. सकाळचं नाहीतर चारच्या सुमाराचं ऊन, पण सावलीत उभं राहून. मी तर संध्याकाळी सात वाजता दोरा घेतला होता.

आता पट्टी कशी करायची ते सांगते. रेडिओवर ऐकून करता येईल अशीच आहे. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच, त्यातल्या जाड कागदाची दोन बोटं रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. खणातून ओढून काढलेले रंग बघा आणि त्यांच्या जवळचा दोरा पट्टीभोवती शेजारी शेजारी गुंडाळा. भाकरीचा रंग दहा वेढे, भाजीचा पाच, ठेच्याचा एक नाहीतर दोन. ही पट्टी खणावर ठेवा, खाली ठेवून आठ-दहा पावलं मागं जा आणि आक्कांसारखे डोळे किलकिले करा. जो रंग कापडात बुडाला तो बाद. जे दोन एकमेकांत मिसळले त्यातला एक बाद. मोबाईल असेल तर पट्टीचा फोटो काळा-पांढरा करून बघा. रंग गेले की फिकं आणि गडद एवढंच उरतं. सगळंच एकसारखं करडं दिसलं तर नक्षी लांबून दिसायची नाही, मग रंग कितीही भारी असू देत. आमच्या सात ओळींचा असा फोटो मी नंतर काढला, त्यात निम्मी कोयरी गायब होती.

एखादा रंग उठतच नसेल तर त्याच्या समोरचा रंग थोडासा आणा. तांबड्यासमोर हिरवा, नारिंगीसमोर निळा, पिवळ्यासमोर जांभळा. पण समोरचा रंग नेहमी ठेचा म्हणूनच वाढायचा. तांबडा आणि हिरवा सारख्याच मापानं, बारीक टाक्यांनी शेजारी भरले, तर जवळून दोन रंग दिसतात आणि लांबून चिखलासारखा एकच.

ह्या पट्ट्या आम्ही पहिल्यांदा केल्या ती बैठक माझ्या लक्षात राहिली आहे, ते आक्कांमुळं. आक्कांचे मालक जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी हिरवं काही अंगाला लावलेलं नाही. हिरवा दोरासुद्धा त्या दुसरीला ओवायला देतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी नको असंही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या वाट्याला सुपारी रंगाच्या खणाची चिंधी आली. त्यांनी धागे काढले, बराच वेळ तळहातावर धरले आणि पट्टी गुंडाळायला घेतली. दहा वेढे बदामी, पाच आमसुली. आणि मग एकच वेढा पोपटी. आमच्यातली एक पोरगी पटकन म्हणाली, "आक्का, हिरवा?" आक्कांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी कुठं घातलाय? त्यो खणातच हाय की." काठात खरंच होती, केसाएवढी पोपटी रेघ. आमच्यातल्या कुणालाच ती दिसली नव्हती. त्या दिवशीच्या अकरा पट्ट्यांत सगळ्यांत देखणी तीच होती आणि अजून ती आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे.

दोऱ्याविषयीचं थोडं हिशेबाचं बोलते, कारण शेवटी धंदा आहे. चांगल्या सुती लडीत साधारण आठ मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरी असतो. दोन पदर घेऊन भरलं तर एका लडीतून २४ मीटर निघतो. वाया जाणारं धरून एका पाऊचला एका रंगाचा दोन मीटर लागला, असं सात रंगांचं ३० पाऊचचं काम असेल, तर प्रत्येक रंगाच्या तीन लडी, म्हणजे २१ लडी घ्याव्या लागतात. तेच काम तीन रंगांत, भाकरीचा सहा मीटर, भाजीचा चार आणि ठेच्याचा एक असं केलं, तर आठ, पाच आणि दोन अशा १५ लडींत भागतं. लड आम्हाला १५ रुपयांना पडते. म्हणजे ९० रुपये वाचले. फार नाहीत. पण सुई सातदा ओवायची नाही, दोऱ्याची टोकं सातदा लपवायची नाहीत, ह्यात नगामागं अर्ध्या तासाच्या वर वाचतो, आणि तो वेळ आपला आहे. लडीवरच्या कागदी पट्ट्यावर रंगाचा नंबर छापलेला असतो. तो वहीत लिहून ठेवा आणि एका कामाचा सगळा दोरा एकदमच घ्या. महिन्याभरानं त्याच नंबरची लड आणली तरी रंगणीत उन्नीस-बीस होतं. शेडचा दोरा, म्हणजे एकाच लडीत गडद ते फिका, तो मोहात पाडतो. साखळी टाक्यात बरा दिसतो, भरीव टाक्यात ठिगळं पडल्यासारखा. माझं मत विचाराल तर नवख्या हातानं तो घेऊ नये.

रंग जातो का ते बघितल्याशिवाय एकही टाका घालू नका. दोऱ्याचा वीतभर तुकडा ओला करा, पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. फडक्याला डाग पडला तर तो दोरा मोतिया-पांढऱ्याशेजारी घालायचा नाही. तांबडा, राणी, डाळिंबी आणि काळा यांच्यावर विशेष लक्ष ठेवा. खणाचीही हीच तपासणी करा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं बायका सांगतात, मीही सांगत होते. तयार दोऱ्याचा कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. त्यावर विसंबून शेजारणीची ऑर्डर धुवायला घालू नका.

आता त्या ३८ पाऊचचं काय झालं ते सांगायला हवं. आम्ही हिरवी, पारवी आणि जांभळी ओळ उसवली. खणात सुईची भोकं राहतात, ती झाकायला त्याच जागी राणी दोरा भरला आणि कोयरीला बाहेरून गडद हिरव्या दोऱ्याची उलटी टीप घातली, धनुष्याच्या मागच्या ढगासारखी. मध्ये मोतिया रंगाचे गाठीचे तीन टाके. २९ पाऊच उभे राहिले, ते जत्रेत ८० रुपयांना गेले. २,३२० रुपये आले. नऊ पाऊच उसवताना फाटले. त्यातल्या एकात मी माझा चष्मा ठेवते.

संक्रांतीच्या आधी त्याच दुकानानं, वाणासाठी म्हणून, ३० पाऊच करून बघा म्हटलं. ह्या वेळी काळा खण होता. काठ तांबडा आणि काठात पिवळी रेघ. बैठकीत पट्ट्या झाल्या. सगळ्यांनी तांबडा आणि पिवळा उचलला, तो खणातच होता, पण तांबडा काळ्यावर दबत होता आणि पिवळा एकटाच ओरडत होता. मग कुणीतरी बोटांवर ता-ना-पि मोजलं. ह्या दोघांच्या मधला नारिंगी! शेंदराकडं झुकणारा नारिंगी घेतला, दहा वेढे. हळदी पाच. आणि नारिंगीच्या समोरचा म्हणून फिका फिरोजी, एकच वेढा. खणानं दोन टोकं दिली आणि मधला रंग इंद्रधनुष्यात सापडला. तिसांतला एकही परत आला नाही.

तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक पट्टी करून आणायची आहे. खणाची नसेल तर लुगड्याची, लुगड्याची नसेल तर वाकळेतल्या ठिगळाची चालेल. पट्टीच्या मागं आपलं नाव लिहा, आणि भाकरी, भाजी, ठेचा कुठला तेही लिहा. त्यावरून आपण यात्रेसाठीच्या पिशव्यांचे रंग ठरवणार आहोत. दोरा आणायला या वेळी दोघीजणी जातील, सकाळच्या एसटीनं. दुकानदारानं विचारलं, "कुठले रंग देऊ ताई?" तर खणाचा तुकडा आणि पट्टी काचेवर ठेवायची आणि म्हणायचं, हे.